विद्यापीठाच्या ग्रंथालयात संशोधन कसे करावे : पुण्यातील प्लेगच्या विषयाचे उदाहरण

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे सभासदत्व जवळपास प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याकडे असते, पण त्या ग्रंथालयाचा संशोधनासाठी पुरेपूर उपयोग करून घेणारे विद्यार्थी थोडे असतात. गाइडने सांगितलेली पुस्तके मिळण्याचे ठिकाण आणि अभ्यासिकेतली एक शांत जागा, एवढीच बहुतेकांच्या मनातली ग्रंथालयाची ओळख असते. हवे ते पुस्तक मिळाले की काम झाले, आणि नाही मिळाले तर ‘आमच्या ग्रंथालयात या विषयावर काहीच नाही’ असा निष्कर्ष काढून विद्यार्थी मोकळा होतो. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. साहित्य ग्रंथालयात असते, मात्र आपण ज्या शब्दाने शोधले त्या शब्दाखाली त्याची नोंद केलेली नसते, आपण ज्या कपाटापाशी उभे राहिलो त्या कपाटात ते ठेवलेले नसते आणि कित्येकदा ते पुस्तकाच्या रूपातही नसते.

म्हणून या लेखात ग्रंथालयाची सर्वसाधारण ओळख करून देण्यापेक्षा एकच विषय हाती घेऊन त्याचा शोध पायरीपायरीने कसा घ्यावा ते सांगतो. विषय असा : १८९६-९७ मधील प्लेगची साथ आणि पुण्यातील मराठी वृत्तपत्रे. ठिकाण म्हणून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय डोळ्यांसमोर ठेवावे. विद्यापीठाची स्थापना १९४९ ची आणि पहिले कुलगुरू डॉ. मु. रा. जयकर यांचे नाव या ग्रंथालयाला दिलेले आहे. ज्यांचे नाव आता विद्यापीठाला आहे त्या सावित्रीबाईंचा मृत्यू याच साथीत, रुग्णांची सेवा करताना, १० मार्च १८९७ रोजी झाला. मुंबई, कोल्हापूर, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील विद्यार्थ्यांनाही हाच क्रम उपयोगी पडेल, कारण नियम आणि इमारती वेगळ्या असल्या तरी ग्रंथालयाची मांडणी सगळीकडे साधारण सारखीच असते.

ग्रंथालयात जाण्यापूर्वीचे काम

विषय घेऊन ग्रंथालयात जाऊ नये, प्रश्न घेऊन जावे. ‘पुण्यातील प्लेग’ हा विषय झाला. ‘प्लेगचे रुग्ण शोधण्यासाठी झालेल्या घरांच्या तपासणीबद्दल पुण्यातील मराठी पत्रांनी कोणती भूमिका घेतली आणि ती महिन्यामहिन्याला कशी बदलत गेली’ हा प्रश्न झाला. प्रश्न लिहून काढला की शोधाच्या सीमा आपोआप दिसू लागतात. मुंबईत साथ उघड झाली ती सप्टेंबर १८९६ मध्ये, साथरोगांचा कायदा झाला ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, पुण्याच्या प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या २२ जून १८९७ च्या रात्री, आणि त्यानंतर लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. एवढ्या चार-पाच तारखा कागदावर मांडल्या तरी कोणत्या महिन्यांचे अंक पाहायचे आणि कोणत्या कार्यालयांचे अहवाल शोधायचे याचा अंदाज येतो.

दुसरे काम शब्दांची यादी करण्याचे. ही यादी शोधाचा पाया असल्यामुळे तिला अर्धा दिवस लागला तरी तो द्यावा. प्लेगला त्या काळच्या मराठीत ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत, ‘गाठीचा रोग’ म्हणत, सरसकट ‘मरी’ असेही म्हणत. इंग्रजी साहित्यात नुसता ‘प्लेग’, ‘ब्युबॉनिक प्लेग’, ‘एपिडेमिक’, ‘सॅनिटेशन’, ‘सेग्रिगेशन’, ‘क्वारंटाइन’ असे शब्द येतील. गावाचे नाव इंग्रजीत ‘पूना’ असे असेल, जुन्या मराठीत ‘पुणें’ असे सानुस्वार असेल. व्यक्तींची नावे, कायद्याचे नाव, समित्यांची नावे, रुग्णालयांची आणि विलगीकरणाच्या छावण्यांची नावे हीसुद्धा यादीत घ्यावीत. वाचन पुढे जाईल तशी यादी वाढेल, तेव्हा वहीची दोन पाने तिच्यासाठी राखून ठेवावीत.

सभासदत्व आणि नियम

यावर फार लिहिण्याची गरज नाही. संशोधक म्हणून नोंदणी झाल्यावर ओळखपत्र घ्यावे, किती पुस्तके किती दिवसांसाठी मिळतात ते देवघेव विभागात विचारावे आणि दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करून घ्याव्यात. एक म्हणजे ई-साहित्य घरून पाहण्यासाठीचे लॉगिन, कारण ते मिळायला कधी कधी दिवस जातात. दुसरी म्हणजे संपूर्ण इमारतीची फेरी : संदर्भ विभाग कुठे, नियतकालिकांचे बांधीव खंड कुठे, प्रबंध कुठे, दुर्मीळ ग्रंथ कुठे, आणि कोणत्या विभागाची वेळ काय. मुख्य ग्रंथालय रात्रीपर्यंत उघडे असले तरी दुर्मीळ विभाग आणि झेरॉक्सची सोय कार्यालयीन वेळ संपताच बंद होते, हे बाहेरगावाहून येणाऱ्याला आधी ठाऊक असलेले बरे.

तालिकेतील शोध

पुस्तके शोधण्याचे पहिले साधन म्हणजे ग्रंथालयाची संगणकीय तालिका, जिला सगळे ओपॅक म्हणतात. मराठी विषयावर काम करणाऱ्याची सर्वांत मोठी अडचण इथेच येते, म्हणून या पायरीवर थोडे रेंगाळू.

आपल्या विद्यापीठांच्या तालिका वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या माणसांनी आणि वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये भरलेल्या आहेत. परिणामी मराठी पुस्तकांच्या काही नोंदी देवनागरीत असतात, काही रोमन लिपीत असतात, आणि रोमन लिपीतले लेखनही एकसारखे नसते. ‘टिळक’ हे आडनाव रोमनमध्ये दोन-तीन प्रकारे लिहिलेले आढळेल. ‘महाराष्ट्रातील’ या शब्दातली शेवटची वेलांटी कुणी एका ‘आय’ने दाखवली असेल, तर कुणी दोन ‘ई’ लिहून. देवनागरीतही ‘पुणें शहरांतील’ आणि ‘पुणे शहरातील’ हे संगणकाच्या दृष्टीने वेगळे शब्द आहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनंतर अनुच्चारित अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या पुस्तकांची शीर्षके ज्या ग्रंथपालाने मुखपृष्ठावर होती तशीच उतरवली त्याने योग्यच केले, आणि म्हणून शोधणाऱ्यानेही दोन्ही रूपे टाकून पाहिली पाहिजेत.

यावरचा व्यवहार्य उपाय असा, की पूर्ण शीर्षक कधीच टंकू नये. शीर्षकातला ज्याच्या लेखनात फरक पडणार नाही असा एकच शब्द घ्यावा, किंवा शब्दाची सुरुवातीची अक्षरे देऊन पुढे तारांकन करावे. बऱ्याच तालिका तारांकन स्वीकारतात आणि त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द दाखवतात. लेखकाच्या नावाने शोधताना आडनाव आधी द्यावे. सरकारी अहवाल शोधताना तर लेखकाच्या जागी माणसाचे नाव नसतेच. तेथे ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ किंवा ‘पूना’ असे शासनाचे वा शहराचे नाव आणि त्यापुढे ‘प्लेग कमिटी’ असे समितीचे नाव लेखक म्हणून नोंदवलेले असते. ही साधी गोष्ट माहीत नसल्यामुळे अनेक जण ग्रंथालयात असलेल्या अहवालांपर्यंतही पोहोचत नाहीत.

एखादे उपयुक्त पुस्तक सापडले की त्याची संपूर्ण नोंद उघडून पाहावी. तिच्यात खाली विषयशीर्षके दिलेली असतात. ‘प्लेग – भारत – इतिहास’ अशा धर्तीच्या इंग्रजी शीर्षकावर टिचकी मारली की त्याच शीर्षकाखाली नोंदलेली इतर पुस्तके एकत्र दिसतात. आपल्या मनातल्या शब्दावरून ग्रंथालयाच्या शब्दावर जाण्याचा हा सर्वांत जवळचा मार्ग आहे.

तालिकेत नसणे म्हणजे ग्रंथालयात नसणे, असेही समजू नये. जुन्या ग्रंथालयांत काही संग्रह, विशेषतः देणगीदाखल आलेले, संगणकावर चढायचे राहिलेले असू शकतात. जुना कार्ड कॅटलॉग किंवा दाखल नोंदवही अजून जपलेली आहे का, एवढे विचारावे, आणि असेल तर आपले दहा-बारा शब्द घेऊन तिच्यावरही बसावे.

कपाटापाशी

पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला क्रमांक म्हणजे पुस्तकाचा पत्ता. आपल्याकडील बहुतेक विद्यापीठीय ग्रंथालये ड्यूईची दशांश वर्गीकरण पद्धती वापरतात. मेल्विल ड्यूई यांनी ती १८७६ मध्ये प्रसिद्ध केली. काही ठिकाणी डॉ. एस. आर. रंगनाथन यांची द्विबिंदू पद्धतीही दिसते. ड्यूईच्या पद्धतीत सगळे ज्ञान दहा वर्गांत विभागले आहे आणि प्रत्येक पुढच्या अंकाने विषय अधिक बारीक होत जातो.

आपल्या प्रश्नासाठी हे अंक कसे वाचायचे ते पाहा. ६०० म्हणजे उपयोजित विज्ञाने, ६१० म्हणजे वैद्यक, ६१४ म्हणजे सार्वजनिक आरोग्य आणि रोगांचा प्रसार. त्यात ६१४.५७३२ येथे प्लेगच्या साथींवरची पुस्तके येतात. रोग म्हणून प्लेगचे वर्णन करणारी वैद्यकीय पुस्तके मात्र ६१६.९२३२ येथे असतात. महाराष्ट्राच्या इतिहासाची पुस्तके ९५४.७९२ येथे, भारतातील वृत्तपत्रांवरची ०७९.५४ येथे, राजद्रोहाच्या खटल्याची चर्चा करणारी ३४५ च्या आसपास, तर मराठी साहित्य ८९१.४६ येथे. त्या काळातील माणसांच्या आठवणी आणि चरित्रे काही ग्रंथालये ९२० मध्ये एकत्र ठेवतात, तर काही त्या त्या विषयाबरोबर लावतात.

म्हणजे एकाच प्रश्नाची पुस्तके किमान सहा ठिकाणी विखुरलेली आहेत, बहुधा दोन-तीन मजल्यांवर. इतिहासाचा विद्यार्थी ९५४ च्या कपाटापुढून हलत नाही आणि सार्वजनिक आरोग्याच्या कपाटात काय आहे हे त्याला प्रबंध संपेपर्यंत कळत नाही. माझा आग्रह असा, की पहिल्या आठवड्यातच या सगळ्या क्रमांकांची यादी करून प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन उभे राहावे. हव्या असलेल्या पुस्तकाच्या डावी-उजवीकडची पाच-पाच पुस्तके काढून त्यांची अनुक्रमणिका, शेवटची विषयसूची आणि संदर्भयादी एवढेच पाहावे. पूर्ण वाचायला बसू नये. विषयसूचीत ‘पूना’ किंवा ‘प्लेग’ याखाली चार पानांचे आकडे दिसले तर ते पुस्तक, विषय दुसराच असला तरी, आपल्या यादीत येते. पाहून झालेले पुस्तक स्वतः कपाटात परत घुसवू नये, टेबलावर ठेवावे. चुकीच्या जागी गेलेले पुस्तक पुढच्या वाचकासाठी हरवल्यासारखेच असते.

संदर्भ विभाग आणि सूची

मराठीत काम करणाऱ्याला पूर्वसूरींनी एक मोठे धन देऊन ठेवले आहे आणि ते पुरेसे वापरले जात नाही याचे मला फार वाईट वाटते. शंकर गणेश दाते यांनी तयार केलेली ‘मराठी ग्रंथसूची’ १८०० ते १९३७ या काळातील छापील मराठी ग्रंथांची नोंद देते आणि तिचा पुढचा भाग १९५० पर्यंत येतो. एका माणसाने ग्रंथालयोग्रंथालयी जाऊन, पुस्तके हाताळून केलेले हे काम आहे. मराठी नियतकालिकांतील लेखांचीही अशीच सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने सिद्ध करून प्रसिद्ध केली. १८९६ ते १९०५ च्या दरम्यान प्लेगवर, आरोग्यावर, शहराच्या स्वच्छतेवर मराठीत काय छापले गेले याचा पहिला अंदाज या सूचींवरून येतो. पुस्तक आपल्या ग्रंथालयात नसले तरी ते अस्तित्वात होते हे तर कळते, आणि मग ते कुठे मिळेल हा पुढचा प्रश्न ठरतो.

याच कामासाठी १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याखाली सरकारने काढलेल्या छापील पुस्तकांच्या तिमाही याद्याही पाहाव्यात. त्यांत पुस्तकाचे नाव, लेखक, छापखाना, पाने, छापलेल्या प्रतींची संख्या आणि किंमत असा तपशील असतो. एखादी पुस्तिका आज मिळत नसली तरी ती किती प्रती छापली गेली होती आणि काय किमतीला विकली जात होती हे समजणे वृत्तपत्रांच्या अभ्यासकाला मोलाचे आहे.

गॅझेटिअर आणि जनगणनेचे अहवालही संदर्भ विभागातच असतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे पुण्याचे खंड १८८५ चे, म्हणजे साथीच्या आधीचे, आहेत. त्यांत प्लेग मिळणार नाही, पण पेठा, वस्ती, पाणीपुरवठा आणि शहराची रचना यांची माहिती मिळेल, आणि घरोघरच्या तपासणीच्या बातम्या वाचताना ती पदोपदी लागेल. १८९१ आणि १९०१ च्या जनगणना शेजारी ठेवून वाचाव्यात.

संदर्भ ग्रंथपालांशी बोलायचे ते हे सगळे पाहून झाल्यावर. ‘मॅडम, प्लेगवर काही आहे का?’ असा प्रश्न विचारला तर त्या तालिकेत शब्द टाकून देतील, आणि ते काम आपण आधीच केलेले असते. त्याऐवजी, ‘मॅडम, १८९७ मधल्या पुण्यातल्या घरतपासणीवर मी काम करतो आहे. तालिका पाहिली, दाते सूची पाहिली, हे सात अहवाल मिळाले. प्लेग कमिटीचा अहवाल मात्र सापडत नाही, तो कशाखाली नोंदलेला असेल?’ असे विचारावे. केलेल्या शोधाची यादी सोबत न्यावी. अनुभवी ग्रंथपालाला संग्रहाचे असे काही बारकावे ठाऊक असतात जे कुठेच लिहिलेले नाहीत, आणि तयारीने आलेल्या विद्यार्थ्यासाठी तो आपला वेळ मोकळ्या मनाने देतो.

शोधपत्रिका आणि प्रबंध

अलीकडच्या संशोधनाचा मोठा भाग पुस्तकांत नसतो, शोधपत्रिकांतील लेखांत असतो. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली आहे आणि तिच्याखाली शासकीय उच्चशिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० ई-शोधपत्रिका खुल्या झाल्या आहेत. सेज, केंब्रिज, ऑक्सफर्ड, टेलर अँड फ्रान्सिस हे प्रकाशक त्यांत आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने ‘इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यू’ आणि ‘मॉडर्न एशियन स्टडीज’ या पत्रिका अनुक्रमे सेज आणि केंब्रिजच्या आहेत. लेखाची किंमत मागणारे पान समोर आले की गुपचूप माघार घेऊ नये. आपण विद्यापीठाच्या लॉगिनमधून आत आलो आहोत का ते आधी तपासावे आणि तरीही लेख उघडत नसेल तर ग्रंथालयाकडे त्याची मागणी नोंदवावी.

एक चांगला लेख मिळाला की त्याच्यापासून दोन दिशांना जावे. त्याच्या तळटिपांवरून मागे जाता येते : लेखकाने कोणते दप्तर, कोणते अहवाल, कोणती पत्रे वापरली ते कळते. आणि गूगल स्कॉलरवर त्या लेखाचा हवाला नंतर कोणी दिला हे पाहून पुढेही येता येते. तळटिपा वाचण्याची सवय ज्याला लागली त्याचा शोधाचा वेळ निम्म्याने वाचतो, असे मी खात्रीने म्हणेन.

भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभारलेले भांडार आहे. येथे प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत ठेवलेले असतात, त्यामुळे संदर्भयादीचा तुकडा वेगळा उतरवून घेता येतो. सुरुवात त्याच तुकड्यापासून करावी. मराठीत लिहिलेल्या प्रबंधाचे शीर्षक कुठे देवनागरीत, कुठे रोमन लिपीत, तर कुठे इंग्रजी अनुवाद करून नोंदवलेले असते, म्हणून तालिकेच्या वेळची सगळी शब्दयादी येथे पुन्हा वापरावी. ‘शोधगंगोत्री’वर चालू संशोधनाचे आराखडे असतात. आपला विषय दुसऱ्या कुणी घेतला आहे का, हे आराखडा सादर करण्याआधी तेथे पाहून घ्यावे. शोधगंगेवर न चढलेले जुने प्रबंध आपल्या ग्रंथालयाच्या प्रबंध विभागात छापील रूपात मिळतात आणि ते तेथेच बसून वाचावे लागतात.

जुनी वृत्तपत्रे

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. जुन्या पत्रांचे अंक एका ठिकाणी सलग मिळतील ही अपेक्षा सोडून द्यावी. आधी एक तक्ता करावा : डाव्या बाजूला महिने, वर पत्रांची नावे, आणि प्रत्येक चौकटीत तो खंड कुठे आहे व कोणत्या रूपात आहे याची नोंद. मूळ अंक, सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) की संगणकीय प्रत, हे लिहावे. रिकाम्या चौकटी रिकाम्याच दिसू द्याव्यात, कारण उपलब्ध नसलेल्या अंकांचा उल्लेख पुढे प्रबंधात प्रामाणिकपणे करावा लागतो.

त्यानंतर कामाचा आवाका मोजावा. ‘केसरी’ त्या काळी साप्ताहिक होता आणि मंगळवारी निघत असे. सप्टेंबर १८९६ ते सप्टेंबर १८९७ या काळाचे म्हणजे पन्नासहून थोडे अधिक अंक झाले. एक अंक नीट पाहायला, टिपायला दीड तास धरला तर एका पत्राला साधारण तीन आठवडे लागतील. ‘सुधारक’, ‘ज्ञानप्रकाश’ ही पत्रेही घ्यायची असतील तर किती महिने द्यावे लागतील ते आराखडा लिहितानाच कळलेले बरे. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी पत्रे कमी करावीत, मात्र निवडलेल्या पत्राचे अंक गाळू नयेत. घटना घडलेल्या आठवड्याचेच अंक पाहिले तर भूमिका कशी बदलत गेली हे दिसणारच नाही.

‘केसरी’चा अंक हातात आला की अग्रलेखावर झडप घालू नये. पहिले पान ते शेवटचे पान असा क्रम ठेवावा. स्फुट सूचना, वाचकांची पत्रे, पेठवार बातम्या, औषधांच्या आणि घरभाड्याच्या जाहिराती यांत साथ जशी दिसते तशी अग्रलेखात दिसत नाही. अग्रलेख इतरांनी शंभर वेळा उद्धृत केलेले आहेत. आपल्या प्रबंधात नवे काही यायचे असेल तर ते या दुर्लक्षित स्तंभांतूनच येईल.

मूळ अंक मिळत नसेल तर सरकारने तयार केलेले देशी वृत्तपत्रांचे साप्ताहिक अहवाल हा दुसरा आधार आहे. मुंबई इलाख्यातील पत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश त्यांत पत्राच्या नावासह व तारखेसह दिलेले असतात, आणि ज्या पत्रांचा एकही अंक आज हाती लागत नाही त्यांचाही आवाज त्यांत टिकून राहिला आहे. पण ही निवड सरकारच्या अनुवादकांनी सरकारच्या गरजेप्रमाणे केलेली आहे. राज्यकर्त्यांना जे खटकले ते त्यांत भरपूर आहे आणि पेठेतल्या माणसाला जे खटकले ते तुलनेने थोडे. म्हणून एखाद्या महिन्याचे मूळ अंक आणि त्याच महिन्याचे सरकारी सारांश शेजारी ठेवून काय आले, काय गळले हे पाहावे. ही तुलना प्रबंधाचे एक प्रकरण होऊ शकेल इतकी भरीव आहे.

जुना कागद हाताळताना हात धुऊन कोरडे करावेत, बोटाला थुंकी लावून पान उलटू नये, खंड टेबलावरच ठेवून वाचावा, खुणेसाठी पेन किंवा पान दुमडणे वर्ज्य समजावे. फोटो काढण्यास परवानगी असेल तर फ्लॅश बंद ठेवावा. झेरॉक्ससाठी बांधीव खंड उलटा दाबला की त्याची शिवण तुटते, तेव्हा ग्रंथालय झेरॉक्स नाकारत असेल तर वाद घालू नये.

टिपणे आणि नक्कल

फोटो काढणे सोपे झाल्यामुळे टिपणे घेण्याची शिस्त मोडली आहे. मोबाइलमध्ये हजार फोटो असतात, पण कोणता फोटो कोणत्या अंकाचा हे सहा महिन्यांनी सांगता येत नाही. प्रत्येक सत्राच्या आरंभी खंडाची पाठ आणि अंकाचा मथळा यांचा फोटो घ्यावा आणि त्याच संध्याकाळी फाइलींना नावे द्यावीत. ‘केसरी १८९७-०४-१३ पान ३’ असे वर्ष-महिना-दिवस या क्रमाने नाव दिले की संगणक आपोआप कालक्रम लावतो.

टिपणाच्या प्रत्येक पत्रकावर चार गोष्टी असाव्यात : संपूर्ण संदर्भ पानासह, प्रत कुठे पाहिली ते, मजकूर, आणि स्वतःचे मत. शब्दशः उतरवलेला मजकूर अवतरणचिन्हांत आणि मूळ लेखनासह असावा, म्हणजे ‘पुण्यांत’ असेल तर ‘पुण्यांत’च. आपले मत वेगळ्या शाईत किंवा वेगळ्या रकान्यात लिहावे. उसने वाक्य आणि स्वतःचे वाक्य यांची सरमिसळ टिपणांत झाली की पुढे प्रबंधातही होते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांच्या वर गेले की कारवाई सुरू होते. ४० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास सुधारित प्रबंध पुन्हा सादर करावा लागतो आणि ६० टक्क्यांच्या पुढे नोंदणीच रद्द होते.

संदर्भ सांभाळण्यासाठी झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे आणि त्यात देवनागरी नीट चालते. एकाच लेखकाचे नाव मराठी पुस्तकासाठी देवनागरीत आणि इंग्रजी लेखासाठी रोमनमध्ये ठेवावे लागते. अशा वेळी संदर्भयादीचे मराठी आणि इंग्रजी असे दोन भाग करावे लागतील हे गृहीत धरून सुरुवातीपासून दोन वेगळी संकलने करावीत.

याशिवाय एक शोधनोंद ठेवावी : तारीख, कुठे शोधले, कोणता शब्द टाकला, काय मिळाले. ‘काही मिळाले नाही’ हेही लिहावे. ही नोंद नसेल तर तेच शब्द त्याच तालिकेत आपण वर्षभर पुन:पुन्हा टाकत राहतो.

आपल्या ग्रंथालयाबाहेर

हवी ती प्रत आपल्याकडे नाही असे ठरले की ग्रंथालयामार्फत आंतरग्रंथालयीन देवघेवीची मागणी करावी. आपले विद्यापीठ डेलनेटसारख्या ग्रंथालयांच्या जाळ्याचे सदस्य असेल तर पुस्तक किंवा लेखाची प्रत मागवता येते. इन्फ्लिबनेटच्या ‘इंडकॅट’ या संघतालिकेत, म्हणजे अनेक विद्यापीठांच्या एकत्रित तालिकेत, पुस्तक कोणत्या विद्यापीठात आहे ते आधी पाहून मागणी लिहिली तर काम लवकर होते.

काही साहित्य मात्र जागेवर जाऊनच पाहावे लागते. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय सरकारी अहवालांसाठी, आणि केसरीवाडा ‘केसरी’च्या जुन्या अंकांसाठी. मुंबईत राज्य पुराभिलेखागार, एशियाटिक सोसायटी आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. गाइडचे सही-शिक्क्याचे पत्र, ओळखपत्र आणि फोटो सोबत न्यावेत, आणि जाण्याआधी फोन करून वेळ व सुट्ट्या विचारून घ्याव्यात. पत्रात विषय थोडा व्यापक लिहून घ्यावा. ‘१८९७ मधील घरतपासणी’ असे लिहिले तर १८९९ चे दप्तर मागताना नवे पत्र आणायची वेळ येऊ शकते.

प्लेगच्या संदर्भात घरबसल्या मिळणारा एक मोठा साठा स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा आहे. ब्रिटिशकालीन भारताच्या वैद्यकीय इतिहासाचे सरकारी अहवाल त्यांनी संगणकीय रूपात सर्वांसाठी खुले केले आहेत आणि त्यांत प्लेगविषयीचे अहवालही आहेत. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर केंद्राकडील दप्तरांची यादी शोधता येते आणि अनेक कागद तेथेच वाचता येतात. लंडनला ब्रिटिश ग्रंथालयात मुंबई सरकारच्या कामकाजाचे खंड आहेत. तेथे शिकणारा कुणी मराठी विद्यार्थी ओळखीचा असेल तर त्याला ‘प्लेगचे काही मिळते का बघ’ असे न सांगता दप्तराचा नेमका क्रमांक, तारीख आणि पान कळवावे.

बाहेरची ग्रंथालये पाहून आल्यावर पुन्हा आपल्या तालिकेपाशी बसावे. तेव्हा शब्दयादी दुप्पट झालेली असते, समित्यांची आणि माणसांची नेमकी नावे कळलेली असतात, आणि पहिल्या महिन्यात ज्या शोधाला उत्तर आले नव्हते तोच शोध आता दोन-चार नवी पुस्तके दाखवतो. ती पाहिल्यानंतरच आराखड्यातील संदर्भयादी पक्की करून गाइडकडे द्यावी.